संकेश्वराहून आणलेला झेंडा

स्वातंत्र्याला पन्नास वर्षं होतात म्हणून आमच्या शाळेनं स्मरणिका काढायचं ठरवलं, आणि इतिहास शिकवतो म्हणून मुलाखतींचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी उत्साहानं एक तक्ता आखला. त्याला तीन रकाने होते: सत्तरीचे, पन्नाशीचे, विशीतले. प्रश्न एकच: स्वातंत्र्य म्हणजे तुम्हाला काय वाटतं? अमरावतीत तिन्ही रकान्यांत एकसारखीच उत्तरं आली. विशीतले सगळे माझे जुने विद्यार्थी निघाले, बाकीचे त्यांचे आईबाप नाहीतर आजोबा, आणि मीच फळ्यावर लिहून दिलेली वाक्यं मला परत ऐकवू लागले. मला आधी बरं वाटलं, मग राग आला. आमच्या शाळेतल्या एका बाईंचे मामा कोल्हापूर जिल्ह्यात नेसरीच्या अंगाला राहतात, त्यांनी गावात पहिला तिरंगा लावला होता, असं कळलं. रजा टाकली, मुलाचा टेपरेकॉर्डर मागून घेतला आणि निघालो. बायको म्हणाली, "पावसाचे दिवस आहेत. छत्री सांभाळा आणि तोंडही."

कोल्हापूर, १२ ऑगस्ट १९९७

बडनेऱ्यापासूनचा प्रवास सांगत नाही. बूड दुखलं, एवढंच.

कोल्हापुरात उतरलो तर पाऊस आमच्याकडल्यासारखा येऊन-जाऊन नव्हता, मुक्कामाला आल्यासारखा पडत होता. हा श्रावण. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याची आस धरून आलेल्या मला लॉजच्या मालकिणीनं एका वाक्यात वाटेला लावलं: "महिनाभर काय बी मिळायचं न्हाय. मी स्वतः खात न्हाय, तर तुमास्नी काय घालतो?" इथल्या बायका स्वतःबद्दल असंच बोलतात, मी येतो, मी करतो. पहिल्या दिवशी कानाला खटकतं, दुसऱ्या दिवशी आवडायला लागतं.

संध्याकाळी दुधाच्या कट्ट्यावर गेलो. म्हशी रस्त्यातच उभ्या असतात, समोर धार काढतात आणि फेसाळ पेला हातात देतात. आमच्याकडे दूध तापवल्याशिवाय कोणी तोंडाला लावत नाही, मी पेला हातात धरून विचार करत बसलो, तर शेजारचे एक म्हातारे ओरडले, "पावणं, प्या की! इख न्हाय त्यात." पिऊन टाकला. मग तक्ता काढून त्यांना प्रश्न विचारला. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"पंधरा ऑगस्टला? तवा हितं महाराजांचं राज्य हुतं की. इंग्रज तुमच्याकडनं गेला. आमाला दीडेक वर्ष लागलं अजून. तवर आमी कुनाचं, ह्येच ठावं नव्हतं."

संस्थानं पुढे विलीन झाली हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. परीक्षेला पाच मार्कांचा प्रश्न असतो तो. पण सव्वीस वर्षं मी वर्गात 'त्या मध्यरात्री सारा देश स्वतंत्र झाला' असं घसा ताणून सांगत आलो होतो, आणि या माणसाला वगळून सांगत होतो. पेला परत देताना मी जरा शरमलो.

जोतिबा, १३ ऑगस्ट

जोतिबाच्या डोंगरावर धुकं इतकं दाट होतं की देऊळ आधी पायाला लागलं, मग डोळ्यांना दिसलं. पायऱ्या गुलालानं लालगुलाबी आणि पावसानं निसरड्या. मी घसरलो तो टेपरेकॉर्डरसकट. एका नारळवाल्या बाईंनी मला उठवून दुकानात बसवलं, टेपरेकॉर्डर पदरानं पुसला आणि चहा दिला.

दुकानाच्या आढ्याला एक लांबच लांब बांबू आडवा टांगलेला होता. त्यांच्या गावची सासनकाठी दुरुस्तीला आली होती. चैत्रात गावोगावच्या अशा काठ्या नाचवत डोंगरावर येतात. मी सहज विचारलं, ही कोणीही उचलू शकतं का?

बाई हसल्या. "कोन बी कसं उचलंल? मान असतोय. कुठल्या गावची काठी पयली, कुठली दुसरी, कुठल्या घरानं काठीला पागुटं बांधायचं, कुनी दोर धरायचा, समदं ठरल्यालं. बापाकडनं लेकाकडं जातंय. मान मोडला की गाव मोडलं."

मी हे वहीत उतरवलं ते केवळ गंमत म्हणून. दुसऱ्याच दिवशी ते कामाला येईल असं वाटलं नव्हतं.

नेसरीच्या अंगाला, १४ ऑगस्ट

गावाचं नाव मी लिहिणार नाही, तसं कबूल करून आलोय. नेसरीत उतरून पुढे दुसऱ्या गाडीनं जावं लागतं. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं, चिखलात वाकलेल्या बायका आणि त्यांच्या पाठीवर प्लॅस्टिकच्या खोळी. आमच्याकडे या दिवसांत कपाशी गुडघ्याएवढी झालेली असते. इथे सगळं पाण्यात उभं.

आमच्या बाईंचे मामा, आप्पा पाटील, दारातच बसले होते. वय चौऱ्याहत्तर, धिप्पाड, डोईला पटका, आवाज असा की शेजारच्या आळीत कळावं पाहुणा आलाय. "या पावणं! जेवन तयार हाय. मुलाखत मागनं." जेवायला भाकरी, वाटाण्याची आमटी, मिरचीचा ठेचा आणि आजऱ्याकडचा घनसाळ भात. या भाताचा वास पान वाढण्याआधी येतो. मी तिसऱ्यांदा घेतला तेव्हा आप्पांची नात वैशाली म्हणाली, "सर, टेप कवा लावनार? भातच खाताय." ती गडहिंग्लजला कॉलेजात जाते, एकोणीस वर्षांची.

जेवणानंतर माझे तिन्ही रकाने एकाच सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीत, बसले. मला कोण आनंद झाला!

पन्नाशीचा रकाना म्हणजे आप्पांचा मुलगा विश्वासराव. ते म्हणाले, "आमच्या पिढीला घोषणा द्यायला सवड नव्हती. रस्ता, लाईट, दूध डेअरी, शाळेच्या खोल्या, हे आमी उभं केलं. म्हाताऱ्यांनी मिळवलं म्हनत्यात, मिळवलं आसंल. पर चालवलं आमी." उद्याची सगळी तयारी त्यांच्याकडेच होती. झेंडा आप्पा लावणार, नारळ विश्वासराव फोडणार, पोरांना लाडू सरपंचबाई वाटणार.

वैशालीला विचारलं. ती आजोबांकडे बघून म्हणाली, "आजा म्हनतोय मी स्वातंत्र्य आनलं. मग मला सातच्या आत घरात का? मला पुण्याला शिकायला जायचंय. एकटीनं एस्टीत बसून गेलो ना, त्या दिवशी मी पंधरा ऑगस्ट धरीन."

विश्वासराव तापले. मीही मनातून तापलो, आजकालची पिढी वगैरे वाक्य ओठांवर आलंच होतं. पण आप्पांनी हात वर केला आणि दोघांना बाहेर पाठवलं. "आता माझं लावा," ते म्हणाले. मी बटण दाबलं.

सत्तेचाळीस साली आप्पा चोवीस वर्षांचे होते. ते आणि येसबा नावाचा त्यांचा सोबती गावोगाव चळवळीची पत्रकं वाटत. पत्रकं आणायची येसबानं, वाचून दाखवायची आप्पांनी. येसबा तेव्हाच्या महारवाड्यातला. छप्पन्नच्या धर्मांतरात ते घर बौद्ध झालं. दोघांनी एकत्र मार खाल्ला होता. पंधरा ऑगस्ट जवळ आला आणि गावाला पेच पडला. राज्य महाराजांचं, तिरंगा गावात कोणी पाहिलेला नाही, आणायचा कुठून? पलीकडे संकेश्वर इंग्रजांच्या मुलखात, तिथे मिळेल असं कळलं. येसबा भर पावसात चालत गेला आणि दोन दिवसांनी झेंडा अंगरख्याखाली छातीशी बांधून घेऊन आला.

"मग लावायचा कशाला? खांब न्हाय," आप्पा सांगत होते. "कुनीतरी म्हनलं, देवाची काठी हाय की! झालं. जोतिबाची काठी काढली, झेंडा तिला बांधला. हलगी आली, गुलाल उधळला, नारळ फोडला. लोकं 'चांगभलं' म्हनून वरडत हुती. अवो, झेंडा कसा लावत्यात ह्ये ठावं कुनाला? आमाला काठी नाचवायची ठावं हुती, तशीच नाचवली."

मी हसलो. ते हसले नाहीत.

"काठी म्हटल्यावर मान आला. मान आमच्या घरचा. आनि देवाच्या काठीला येसबाचा हात चालत नव्हता. दोन दिस ज्यानं झेंडा उराशी धरला, त्यो चावडीच्या दगडी गडग्याभाईर, पावसात. मी गाठ मारताना वर बघितलं, त्यो माझ्याकडं बघत हुता. मी तोंड फिरवलं, पावणं. 'येसबा, ये' येवढं दोन शब्द. न्हाय निघालं तोंडातनं."

पुढे पंचायत झाली, लोखंडी खांब आला, काठी देवळात परत गेली. पण मान तिथेच राहिला. पन्नास वर्षं गावचा झेंडा पाटलाच्या घरानंच लावला, जणू तोही देवाचाच. या वर्षी आप्पांना तो येसबाच्या हातात द्यायचा होता. मुलाला सांगितलं नव्हतं. येसबालाही विचारलं नव्हतं. पन्नास वर्षांत त्या दिवसाबद्दल दोघांत एक अक्षर झालेलं नाही.

"तुमी चला माझ्यासंगं," ते म्हणाले. "पावणा बरोबर आसला की मानूस दार लावत न्हाय."

टेप थांबवायला गेलो तर दिसलं, लाल बटण दाबायचंच राहिलं होतं. कॅसेट नुसती फिरत होती. आप्पांना सांगायची हिंमत झाली नाही. हे सगळं आठवणीतून लिहितोय.

पाच वाजता आम्ही येसबांच्या घरी गेलो. स्वच्छ सारवलेला सोपा, भिंतीवर निळ्या कोटातला फोटो, त्याला ताजा हार. सोप्याच्या खांबाला उंचावर एक नायलॉनची दोरी आणि तिच्यात गुंडाळून बांधलेला टॉवेल होता. वाळत घालायची ही कुठली रीत, असं मनात येऊन गेलं. आप्पा उंबऱ्यापाशी थांबले. एवढा धिप्पाड माणूस, पण पाय पुढे पडेना.

"आत या की," येसबा म्हणाले. "पावणं उभं हायत."

येसबा बारीक अंगाचे, काठी टेकून बसलेले. त्यांच्या सूनबाईंनी चहा आणला. मी 'ठेवा' म्हटलं आणि वही उघडली. आप्पांनी चहाचा घोट घेतला, कप खाली ठेवला आणि एका दमात सगळं बोलून टाकलं. त्या दिवशी मी तोंड फिरवलं, ते चुकलं. उद्या झेंडा तू लाव. मान तुझा.

येसबांनी काठी मांडीवर आडवी घेतली.

"आप्पा," येसबा म्हणाले, "चुकलं म्हनलासा, ते मी ऐकलं. पन्नास वर्सं वाट बघत हुतो त्याची. आता मेलो तरी चालंल. पर मान नगं. तुमी मान देनार आनि मी घेनार, म्हंजे मान तुमचाच की. उद्या परत घ्यायला बी तुमीच."

आप्पांचा चेहरा उतरला. "मग मी करू तरी काय?"

"माझ्या घरात सरपंच हाय. तिला इच्चारलं कुनी?"

आम्ही दोघांनी एकदमच मान वळवली. ज्यांनी चहा आणला त्या सूनबाई, सुनंदाताई, तीन महिन्यांपूर्वी राखीव जागेवर सरपंच झालेल्या. पंचायतीचा झेंडा कायद्यानं सरपंचानं लावायचा असतो. हे आप्पांना माहीत होतं, विश्वासरावांना माहीत होतं, नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या मला तर तोंडपाठ होतं. आप्पा पन्नास वर्षांपूर्वीची चूक निस्तरायला आले होते आणि आजच्या माणसाला ओलांडून आत गेले होते. आणि मी? मी माझ्या तीन रकान्यांत या बाईंना बसवायला जागाच ठेवली नव्हती. वय पस्तीस. त्यांनी चहा आणला तेव्हा वर न बघता 'ठेवा' म्हणालो होतो.

सुनंदाताई शांतपणे म्हणाल्या, "आप्पा, पन्नास वर्सांचं तुमचं दोघांचं तुमी मिटवा, चांगलं हाय. उद्याचं माझं हाय. विश्वासदादा लाडू वाटा म्हनून सांगून गेल्यात. लाडू बी वाटतो. पर झेंडा मी लावनार." आणि खांबाकडे बोट केलं. "आठ दिस झालं सराव करतोय."

त्यांनी दोरीला हलका झटका दिला. टॉवेल सुळकन उलगडला आणि आतून झेंडूच्या पाकळ्या माझ्या वहीवर पडल्या.

१५ ऑगस्ट

आप्पांनी मुलाला रात्रीच सांगितलं असावं, कारण सकाळी विश्वासराव कोणाशी बोलत नव्हते. ते वाईट माणूस नाहीत. सकाळी पहिला चहा त्यांनीच आणून दिला आणि म्हणाले, "सर, तुमी बाहेरचं. सांगा, आमच्या घरानं गावाचं काय वाईट केलं?" मी कप विसळून परत दिला.

पावसानं जरा उघडीप दिली होती. जुन्या चावडीच्या जागी झालेल्या पंचायतीसमोर गाव जमलं. शाळेची मुलं रांगेत, बाया एका अंगाला. झेंड्याची घडी करून त्यात पाकळ्या भरून दोरीला बांधायचं काम आप्पांचं. दर वर्षीप्रमाणे त्यांनी ते पहाटेच उरकलं होतं. मग खांबापाशी उभं राहायचं सोडून ते चालत गेले ते थेट गडग्याबाहेर, जिथे येसबा काठी टेकून उभे होते. त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले. गावात कुजबुज झाली. बऱ्याच जणांना त्या जागेचा अर्थ कळला नाही; म्हाताऱ्यांना कळला, त्यांनी माना खाली घातल्या.

खांबाजवळची जागा रिकामी. विश्वासराव एक पाऊल पुढे झाले.

"इश्वास! मागं सर," बाहेरून आप्पांचा आवाज आला.

सुनंदाताई पांढऱ्या साडीत पुढे आल्या. चपला काढल्या. दोरी धरली, झेंडा वर गेला. झटका दिला.

झेंडा उघडला नाही.

पुन्हा झटका दिला. नाही. वर नुसतं ओलं गाठोडं लोंबकळत होतं. मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. "ह्यात बी मान लागतोय," असं एक जण म्हणाला, मुद्दाम ऐकू जाईल असं. मी आप्पांकडे पाहिलं, आणि त्यांचं तोंड बघून मला समजलं. त्यांनी काही मुद्दाम केलं नव्हतं; बाकीचं त्यांनीच मागाहून सांगितलं. पन्नास वर्षांच्या सवयीनं हातांनी त्यांच्या घरची गाठ मारली होती, सासनकाठीच्या पागोट्याची. काठी नाचवताना पागोटं सुटू नये म्हणून ती घट्ट बसवतात, आणि ती उघडायची हिसक्याची लकब फक्त पाटलाच्या घरातल्या हातांना माहीत. मन बदललं होतं, हात बदलले नव्हते.

विश्वासरावांनी हात पुढे केला. "आना हिकडं. मला येतंय."

त्या क्षणी दोरी त्यांच्या हातात गेली असती तर पुढची पन्नास वर्षं ती परत आली नसती. मी बाहेरचा माणूस, पण मोठ्यानं 'थांबा' म्हणावंसं वाटलं.

ते सुनंदाताईच म्हणाल्या. "थांबा, दादा."

त्यांनी झेंडा सावकाश खाली घेतला. जमिनीला लागू नये म्हणून वैशाली रांगेतून धावत आली आणि तिनं तो दोन्ही हातांवर झेलला. सुनंदाताईंनी ओली गाठ नखांनी सोडवायला घेतली. नारळ फोडायची वेळ टळून गेली, मुलं चुळबुळली, पाऊस पुन्हा भुरभुरायला लागला. कोणी हसलं नाही आता. गाठ सुटली. त्यांनी पाकळ्या गोळा करून पुन्हा आत भरल्या, घडी केली, आपली गाठ मारली आणि झेंडा वर चढवला.

एक हलका झटका. तो उलगडला.

राष्ट्रगीत मी हजारदा म्हटलंय, मुलांकडून म्हणवून घेतलंय, कोणी हललं तर छडी मारलीय. त्या दिवशी मला दुसऱ्या ओळीच्या पुढे म्हणता आलं नाही. गडग्याबाहेर दोन म्हातारे ताठ उभे होते. आप्पा रडत होते. येसबा रडत नव्हते, ते टक लावून वर बघत होते.

लाडू वाटून झाले. सुनंदाताईंनीच वाटले, विश्वासरावांनी निमूटपणे टोपली धरली. मी गाडीची वेळ झाली म्हणून पिशवी उचलली, तेव्हा आप्पा खांबापाशी आले. डोळे अजून लाल होते.

"सुनंदा," ते म्हणाले, "ती तुझी गाठ मला दाव. माझ्या हातनं आज वंगाळ झालं. फुडच्या सालाला चुकायला नगं."

दोरीचा सैल शेंडा हातात घेऊन ते उभे होते, चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, शिकायला तयार.

सुनंदाताईंनी पदराला हात पुसले. आवाजात राग नव्हता.

"दावतो की, आप्पा. शिकून ठेवा," त्या म्हणाल्या. "पर फुडच्या सालाला तुमी बांधू नका. बांधतो बी मीच."

आप्पांनी दोरीकडे पाहिलं, सुनंदाताईंकडे पाहिलं.

"व्हय," ते म्हणाले, आणि शेंडा त्यांच्या हातात दिला.